चिंचगुळाची जीभ आणि रीसलिंग

"मामा, यात रॉकेल पडलंय का?" भाच्याच्या मित्राने ग्लास नाकापासून हातभर लांब धरून विचारलं. फ्रँकफर्टजवळच्या त्यांच्या छोट्याशा स्वयंपाकघरात आम्ही मोझेल खोऱ्यातली बारा वर्षं जुनी रीसलिंग उघडली होती. बाकीचे हसले, पण त्या पोराचं नाक अगदी ठिकाणावर होतं. जुन्या रीसलिंगला रॉकेलचा वास येतो. रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभ्या राहिलेल्या पिढीला तो कसा असतो हे सांगावं लागत नाही. युरोपातल्या वाईनच्या पुस्तकांतून मात्र त्यासाठी 'पेट्रोल', 'खनिज' असे शब्द फिरत असतात.

या वासाचं कारण टीडीएन नावाचं एक रसायन. द्राक्षाच्या सालीत जी कॅरोटिनॉइडं असतात, गाजराला रंग देणाऱ्या कुळातली, ती मोडून बाटलीत वर्षानुवर्षं हळूहळू हे तयार होतं. घडांवर ऊन जितकं जास्त पडलं, तितकं ते जास्त. म्हणून नियम सोपा आहे. दहा-बारा वर्षांच्या बाटलीत मधाच्या, वाळलेल्या जर्दाळूच्या, लिंबाच्या सालीच्या मागे रॉकेलची एक रेघ असेल तर आनंदाने प्या. दोन वर्षांच्या बाटलीत उघडल्याउघडल्या स्टोव्ह पेटवल्यासारखं वाटलं, तर द्राक्षं उन्हात तापलेली असणार. ती वाईन खराब नसते, पण जास्त पैसे मोजावेत अशीही नसते.

आधी नावाचं उरकून टाकू. उच्चार 'रीसलिंग', 'रायसलिंग' नव्हे. हे द्राक्ष जर्मनीचं, ऱ्हाईनकाठचं. त्याची पहिली लेखी नोंद 13 मार्च 1435ची आहे, आज ओपेल गाड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या र्‍युसेल्सहाइम गावातली. तिथल्या सरदाराच्या हिशेबाच्या वहीत या वेलींच्या खरेदीची ओळ आहे. 'वेल्शरीसलिंग' किंवा 'लास्की रीझलिंग' असं लेबल दिसलं तर ते वेगळंच द्राक्ष, नात्याचंही नाही. 'ऱ्हाईन रीसलिंग' किंवा 'योहानिसबर्ग रीसलिंग' हे मात्र आपलंच.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे वाईन नव्याने शिकलेला माणूस पहिलं वाक्य शिकतो ते असं: "मला गोड वाईन चालत नाही." गोडाची नावड म्हणजे जाणकारी असा काहीतरी समज आहे, आणि त्यापायी रीसलिंगच्या निम्म्या दुनियेला लोक दारातूनच परत पाठवतात. खरं तर ही दुनिया कळायला मराठी जिभेइतकी तयार जीभ दुसरी नसेल. आमटीत चिंच पडली की गूळ पडतोच. ती आमटी आपण गोड म्हणत नाही, आंबटही म्हणत नाही, 'जमली' म्हणतो किंवा 'फसली' म्हणतो. कैरीचं पन्हं तसंच. उत्तम रीसलिंग निवडणं म्हणजे हा चिंचगुळाचा मेळ ओळखणं. साखर किती आहे हा अर्धाच प्रश्न आहे. समोर आंबटपणा किती उभा आहे, हा उरलेला अर्धा.

घरी एकदा करून बघा. दोन ग्लासांत प्रत्येकी 150 मिली पाणी घ्या, दोन्हींत दीड-दीड चमचा साखर विरघळवा आणि एकात अर्धं लिंबू पिळा. नुसतं साखरपाणी दोन घोटांत नकोसं होतं. लिंबाचं तुम्ही गटागट संपवाल आणि वर म्हणाल, साखर जरा कमीच आहे. साखर दोन्हींत सारखीच. मोझेलच्या नेहमीच्या 'काबिनेट' (हा शब्द पुढे उलगडतो) रीसलिंगमध्ये लिटरला 40 ते 50 ग्रॅम साखर असते, म्हणजे ग्लासभर वाईनमध्ये साधारण तुमच्या या दीड चमच्याएवढीच. द्राक्षाचा आंबटपणा एवढा धारदार असतो की ती साखर अंगावर येत नाही.

बाटली न उघडता हा मेळ कसा ओळखायचा? लेबलवरचं जर्मन वाचता येत नसेल तर ते सोडा, खालच्या कोपऱ्यातला अल्कोहोलचा आकडा शोधा. रीसलिंग विकत घेताना त्याच्याइतका खरं बोलणारा साक्षीदार नाही. यीस्ट द्राक्षाची साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखर संपली की अल्कोहोल एक टक्क्याने वाढतं. समजा, रसात एवढी साखर होती की सगळी आंबली असती तर अल्कोहोल अकराच्या थोडं वर गेलं असतं. बनवणाऱ्याने ते आठवर थांबवलं. मग उरलेल्या तीन टक्क्यांची, म्हणजे 50-55 ग्रॅम साखर वाईनमध्येच राहिली. म्हणून साडेसात ते नऊ टक्के दिसले की उघड गोडवा धरायचा. बारा किंवा वर असेल तर बहुतेक कोरडी. दहा-अकराची बाटली मधली, तिथे दुकानदाराला विचारलेलं बरं. या नियमाला अपवाद आहेत, विशेषतः फ्रान्सच्या आल्सास भागातल्या उशिरा खुडलेल्या द्राक्षांच्या वाईन. त्यांत अल्कोहोलही भरपूर आणि साखरही.

जर्मन लेबलवरचे शब्द लोकांना घाबरवतात, पण त्यांची रचना आपल्या ओळखीची आहे. 'वेलेनर झोनेनउअर' हेच घ्या. वेलेन हे मोझेलकाठचं गाव. 'वेलेनर' म्हणजे वेलेनचा, जसा देवगडचा हापूस. झोनेनउअर हे त्या गावातल्या मळ्याचं नाव, अर्थ सूर्यघड्याळ. 1842 साली योडोकुस प्र्यूम नावाच्या मळेवाल्याने तिथल्या खडकात सूर्यघड्याळ बसवलं, मजुरांना वेळ कळावी म्हणून. ते आजही वेलींच्या मधोमध उभं आहे. सूर्यघड्याळ लावायला जागा कुठली निवडणार? जिथे दिवसभर ऊन असतं तीच. 50 अक्षांशावर, जिथे द्राक्ष पिकतं की नाही हीच चिंता असते, तिथे हे नावच जमिनीचा दाखला आहे. पायाखाली पाटीच्या दगडाची काळी ढलपी, दिवसा तापणारी आणि रात्री ऊब सोडणारी, समोर नदी, आणि चढ एवढा की यंत्र चालत नाही. याच नदीकाठच्या ब्रेमर काल्मोंट मळ्याचा उतार 65 अंशांपर्यंत जातो. किल्ल्याच्या कड्यावर शेती करावी तसा हा प्रकार आहे, आणि बाटलीच्या किमतीत त्या मजुरीचा मोठा वाटा असतो.

इथेच एक फसवणूक आहे आणि ती कायदेशीर आहे. 1971च्या जर्मन वाईन कायद्याने शेकडो मळे एकत्र करून मोठमोठे पट्टे पाडले आणि त्यांनाही मळ्यासारखीच नावं दिली. 'पीस्पोर्टर गोल्डट्रॉप्शेन' हा पीस्पोर्ट गावातला खरा, नावाजलेला मळा. 'पीस्पोर्टर मिशेल्सबेर्ग' हा आजूबाजूच्या अनेक गावांचा पट्टा. लेबलवर दोन्ही सारखेच रुबाबदार दिसतात. आमच्या गावाजवळचा कुठलाही आंबा पेटीवर 'देवगड' छापून विकावा, त्यातली गत. शिवाय अशा बाटलीत रीसलिंग असेलच असं नाही. लेबलवर 'रीसलिंग' हा शब्द असेल तर निदान 85 टक्के रस त्याच द्राक्षाचा असावा लागतो. तो शब्दच नसेल तर बाटली खाली ठेवा. निळ्या बाटल्यांतली, गुळमट, आंबटपणा नसलेली 'लीबफ्राउमिल्श' याच वाटेने जगभर गेली, आणि एकोणिसाव्या शतकात बोर्दोच्या उंची वाईनच्या बरोबरीने भाव घेणाऱ्या ऱ्हाईनच्या वाईनचं नाव विसाव्या शतकात तिने धुळीला मिळवलं. गोडाबद्दलचा तो तुच्छतेचा समज तिथूनच आलाय.

पुढचा शब्द पिकण्याचा. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे, बेरेनआउसलेझे, ट्रॉकनबेरेनआउसलेझे ही चढती पायरी आहे, आणि नव्याण्णव टक्के लोक तिला गोडीची पायरी समजतात. ती तशी नाही. खुडताना द्राक्षात साखर किती भरली होती, त्याची ही पायरी. नाशिकचे बागायतदार रिफ्रॅक्टोमीटरवर मणी पिळून ब्रिक्स बघतात, जर्मन लोक त्याच कामासाठी एक्सले अंश मोजतात. काबिनेटला 70च्या वर, म्हणजे साधारण 17 ब्रिक्स. सगळ्यात वरच्या ट्रॉकनबेरेनआउसलेझेला 150, म्हणजे जवळपास 35 ब्रिक्स, वेलीवरच मनुका झालेले मणी. त्यातली किती साखर वाईनमध्ये ठेवायची हा नंतरचा निर्णय. म्हणून 'श्पेटलेझे ट्रॉकन' असं लेबल असतं: उशिरा खुडलेली, पण कोरडी. 'ट्रॉकन' दिसला की कोरडी, 'हाल्बट्रॉकन' म्हणजे अर्धी कोरडी, आणि 'फाइनहेर्ब' हा शब्द कायद्याने कुठेच बांधलेला नाही, बनवणाऱ्याच्या मर्जीचा. यांपैकी एकही शब्द नसेल आणि आकडा आठचा असेल, तर गोडवा आहे हे समजा.

उशिरा खुडण्याची गोष्ट योहानिसबर्गच्या गढीत ऐकवली जाते. 1775 साली खुडणीची परवानगी आणणारा घोडेस्वार उशिरा पोहोचला, तोवर द्राक्षांवर बुरशी चढली होती. नाइलाजाने त्यांचीच वाईन केली आणि ती अप्रतिम निघाली. त्या स्वाराचा पुतळा गढीच्या अंगणात आहे. गोष्ट किती खरी हा भाग वेगळा. बुरशी खरी आहे. बोट्रायटिस ही बुरशी सालीला बारीक भोकं पाडते, मण्यातलं पाणी उडून जातं, साखर आणि आंबटपणा दोन्ही दाटतात. याच बुरशीने पावसात आपल्याकडचा बागायतदार रडतो. तिथे सकाळी नदीवरून धुकं आणि दुपारी कोरडं ऊन असं जमून आलं तर तीच बुरशी सोन्याची होते. आइसवाईनचा मार्ग निराळा: उणे सात अंश किंवा खाली थंडी पडली की गोठलेले मणी पहाटे खुडून तसेच पिळतात, बर्फ मागे राहतो आणि पाक तेवढा गळतो.

पहिल्यांदा घेणाऱ्याने या वरच्या पायऱ्यांवर पैसे घालवू नयेत, असं माझं मत आहे. चांगल्या घरची काबिनेट घ्या. रीसलिंगची सगळी करामत त्या हलक्या वाईनमध्ये उघडी दिसते, लपायला जागाच नसते. चांगलं घर कसं ओळखायचं? बाटलीच्या मानेवर द्राक्षाचा घोस छातीशी धरलेला गरुड दिसला तर ती व्हीडीपी या 1910 साली सुरू झालेल्या उत्पादकांच्या संघटनेची बाटली. संघटनेबाहेरही उत्तम लोक आहेत, पण अनोळखी दुकानात गरुड हा बरा वाटाड्या आहे. त्याच बाटलीवर 'जीजी' अशी अक्षरं असतील तर ती ग्रोसेस गेवेक्स: अव्वल मळ्यातली आणि कोरडी. ती घ्यायची तर चार-पाच वर्षं तरी जुनी घ्या. कोवळी जीजी म्हणजे दगडावर लिंबू चोळल्यासारखी लागते.

जर्मनीबाहेरचं थोडक्यात. आल्सासमधली रीसलिंग बहुतेक कोरडी आणि अंगाने भरलेली. 2021च्या हंगामापासून तिथे लेबलवर गोडीचा दर्जा लिहावा लागतो, त्यामुळे अंदाज करावा लागत नाही. ऑस्ट्रियाच्या वाखाऊ खोऱ्यात तीन दर्जे आहेत, 'श्टाइनफेडर', 'फेडरश्पील' आणि सगळ्यात पिकलेला 'स्मारागड'. हे शेवटचं नाव तिथल्या दगडी बांधांवर ऊन खात पडणाऱ्या हिरव्या सरड्याचं. ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर व्हॅलीतली वाईन हाडकुळी कोरडी, हिरव्या लिंबाच्या वासाची. 2000 सालच्या हंगामात तिथल्या डझनभर उत्पादकांनी ठरवून बुचाऐवजी फिरकीचं झाकण लावलं. म्हणून फिरकीचं झाकण दिसलं तर नाक मुरडू नका, रीसलिंगला तेच मानवतं. नाशिकमध्ये सुला या वाईन कंपनीने रीसलिंग काढली आहे. 20 अक्षांशावर ऑक्टोबर छाटणी करून थंडीच्या रात्रींत फळ पिकवायचं, ही सगळी धडपड मण्यातला आंबटपणा उतरू नये यासाठी असते. ती वर्षाच्या आत, गार आणि ताजी प्यायची वाईन. तिची मोझेलशी तुलना करणं म्हणजे राजापुरी कैरीला हापूसच्या तराजूत घालणं.

परदेशी बाटली इथल्या दुकानात घेताना वाईनपेक्षा तिच्या प्रवासाची चौकशी करा. मी एकदा एका दुकानातून खिडकीशेजारच्या फळीवरची श्पेटलेझे घेतली, कारण ती स्वस्त लावली होती. घरी आल्यावर दिसलं, बूच काचेच्या वर गव्हाएवढं सरकलेलं आणि मानेवर चिकट ओघळ. आत उकळलेल्या सफरचंदाचं पाणी. तेव्हापासून मी बाटली हातात घेतल्यावर आधी अंगठा बुचावर फिरवतो, मग उजेडात रंग बघतो. कोवळी रीसलिंग फिकट, हिरवट झाक असलेली हवी. तीन वर्षांची बाटली चहासारखी दिसली तर सोडून द्या. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर मात्र घाबरू नका, ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, निरुपद्रवी.

परदेशातून कुणी येणार असेल तर जास्त चांगलं. विमानाने येणाऱ्याला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं. 750 मिलीच्या दोन बाटल्या झाल्या की दीड लिटर. उरलेल्या जागेत 375 मिलीची अर्धी बाटली बसते. आउसलेझे आणि आइसवाईन नेमक्या त्याच मापात मिळतात. भाच्याला माझी यादी ठरलेली असते: एक काबिनेट, एक जीजी, एक अर्धी गोड. गोधडीत गुंडाळून तो आणतो, आणि गोधडी त्याची आजी परत देते.

चाखायची वेळ. फ्रिजमधून काढलेली बाटली पाच अंशांना असते, तेवढ्या गारव्यात वास मुका होतो. दहा अंशांच्या आसपास बरी. मुंबईत हे आपोआप होतं: बाहेर काढून दहा मिनिटं थांबा, मग ग्लासात एक तृतीयांशच ओता, बाकीची परत आत. ग्लास वर निमुळता हवा, फार मोठा नको. आधी न हलवता हुंगा, मग हलवून. पावसाळ्यात बंद ठेवलेल्या कपाटाचा, भिजल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला तर बूच बिघडलंय, बाटली परत करा.

आता घोट. जिभेवर फिरवून गिळा आणि मान जराशी खाली घालून थांबा. जबड्याच्या कडेने तोंडाला पाणी सुटतंय? कैरीची फोड बघून सुटतं तसं? किती सुटतं आणि किती वेळ, त्यावरून आंबटपणा मोजायचा. मग विचारा की शेवटी तोंडात काय राहिलं. चांगल्या वाईनमध्ये गोडवा आधी येतो आणि निघून जातो, मागे चुन्याच्या निवळीसारखी स्वच्छ, किंचित खारट चव रेंगाळते. गोडवाच चिकटून बसला, ओठ ओठाला लागले, तर चिंच कमी पडली. आमटी फसली.

जेवणाबरोबर म्हणाल, तर तिखटाला कमी अल्कोहोल आणि थोडी साखर हवी. अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं, साखर ती विझवते. म्हणून चौदा टक्क्यांच्या लाल वाईनसोबत कोळंबीचं कालवण खाणाऱ्यांची मला दया येते. आठ टक्क्यांची काबिनेट घ्या आणि बघा. ठेच्यासोबतही ती टिकते. तळलेल्या सुरमईला कोरडी जीजी किंवा क्लेअर व्हॅलीची, जिथे तुम्ही एरवी लिंबू पिळला असता तिथे. श्रीखंडासमोर आउसलेझे उघडू नका. पदार्थ वाईनहून गोड असला की वाईन नुसती आंबट लागते आणि महागाची बाटली वाया जाते.

बाटली एका रात्रीत संपवायची सक्तीही नाही. बूच लावून फ्रिजमध्ये ठेवलेली रीसलिंग चार-पाच दिवस सहज राहते. फ्रँकफर्टच्या त्या रॉकेलवाल्या बाटलीत तळाशी दोन बोटं उरली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी फ्रिज उघडला तर ती रिकामी होऊन भांडी घासायच्या कट्ट्यावर उपडी ठेवलेली. भाच्याचा मित्र म्हणाला, "रॉकेल उडून गेलं होतं, मामा. म्हटलं, बाकीचं का ठेवायचं?"